बेडकाची कातडी सूक्ष्मदर्शकाखालीं

शरीरशास्त्राच्या इतिहासांत बेडकाइतकी चाकरी दुसऱ्या एखाद्या क्षुद्र प्राण्यानें क्वचितच केली असेल. विल्यम हार्वे यानें १६२८ सालीं रक्त हृदयापासून निघून पुनः हृदयाकडेच परत येतें, असें सिद्ध केलें. परंतु धमन्यांतील रक्त शिरांत कोणत्या वाटेनें शिरतें, हें त्यास डोळ्यांनीं पाहतां आलें नाहीं, आणि १६५७ सालीं तो मरण पावला. पुढें चारच वर्षांनीं इटलींतील बोलोन्या येथील मार्चेल्लो माल्पीगी यानें बेडकाचें फुप्फुस सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेविलें, आणि धमन्या व शिरा यांस जोडणारें केसाहूनही बारीक नलिकांचें जाळें त्यास दिसलें. मनुष्याचें फुप्फुस दाट व गुंतागुंतीचें. बेडकाचें म्हणजे पातळ पापुद्र्याची जवळजवळ पोकळ पिशवी. म्हणूनच जें मोठ्या प्राण्यांत दिसेना, तें येथें दिसलें. या कामीं किती बेडूक खर्ची पडले, त्याची गणती न केलेलीच बरी!

आज तयार काचपट्ट्या मिळत असतां शाळेंत बेडूक मारण्याचें कांहीं प्रयोजन आम्हांस दिसत नाहीं. एकच पट्टी कित्येक वर्षें टिकते व शेंकडों विद्यार्थ्यांस दाखवितां येते. आमच्या मुलांस आम्ही प्रथम रक्ताची पट्टी दाखवितों. मनुष्याची तांबडी रक्तपेशी वाटोळी व मध्यें चेपलेली असून तिचा व्यास सात ते आठ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सातआठपट असतो, आणि तींत केंद्रक नसतें. बेडकाची रक्तपेशी लांबट, सुमारें बावीस मायक्रॉन लांबीची, आणि तिच्या मधोमध केंद्रक ठळकपणें दिसतें. इतक्या मोठ्या पेशी असल्यामुळेंच बेडकाचीं ऊतकें, म्हणजे एका कामास लागलेले पेशींचे समुदाय, नवशिक्यास लवकर समजतात. त्याच्या टाळूवरील पेशींस तर अतिसूक्ष्म केस असतात व ते शेतांतील वाऱ्यानें डोलणाऱ्या पिकाप्रमाणें सारखे हालत राहून तोंडांतील कण घशाकडे लोटतात.

परंतु खरी नवलाची वस्तु म्हणजे कातडी. तिचा उभा छेद पाहिला असतां वर पेशींचे अवघे पांचसात थर दिसतात. अगदीं बाहेरचा थर चपट्या, किंचित् कठीण झालेल्या पेशींचा. आपल्या नखांत जें द्रव्य असतें, त्याच जातीचें केराटिन त्यांत असतें. हा थर बेडूक वेळोवेळीं टाकून देतो, आणि बहुधा स्वतःच खाऊन टाकितो! याच्या खालीं सुरईसारख्या पिंडांची रांग लागते. कांहीं पिंड बुळबुळीत स्राव सोडून अंग ओलें ठेवितात, तर कांहींत विषारी द्रव्याचे कण भरलेले असतात. रंगाच्या पेशीही येथेंच असतात. हिरव्या बेडकाच्या अंगीं बहुधा हिरवा रंग मुळींच नसतो. खालच्या पेशी निळसर प्रकाश परतवितात, वरच्या पेशींतून तो पिंवळा होऊन येतो, आणि आपणांस हिरवें दिसतें.

या पिंडांच्या भोंवतीं व वर रक्ताच्या केशवाहिन्यांचें दाट जाळें पसरलेलें असतें. प्राणवायु ओल्या कातडींत विरघळून पातळ थरांतून थेट रक्तांत जातो. फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीची एक शाखा कातडीकडे वळते, ती याच कारणानें. बेडूक पाणीही तोंडानें पीत नाहीं, कातडीनेंच शोषितो. आणि अंगांतील क्षार राखण्याचें कामही तिच्याकडेच आहे.

अंगणांत दिव्याखालीं किडे टिपावयास येतो, तो खडबडीत अंगाचा प्राणी म्हणजे भेक. त्याची कातडी अधिक जाड व कोरडी. अंगावरील फोडांचीं काळीं टोकें म्हणजे केराटिनचेच कण होत. डोळ्यांच्या मागें जे दोन फुगवटे दिसतात, ते विषपिंडांचे पुंजके. कुत्र्यानें भेक तोंडांत धरला, तर त्याच्या तोंडास फेंस येतो तो या विषामुळें. भेकास शिवल्यानें चामखीळ उठतो, हा समज मात्र निराधार आहे.

अशी कातडी बेडकास जगविते, तशीच ती त्याच्या नाशासही कारण झाली आहे. बेडकांच्या जाती ठिकठिकाणीं अकस्मात् नाहींशा होत असतां, १९९८ सालीं त्यांच्या कातडींत एक सूक्ष्म बुरशी सांपडली. ही केराटिन असलेल्या पेशींत वाढते. बेडूकमाशाच्या केवळ तोंडाच्या भागांत केराटिन असतें, म्हणून तो बहुधा वांचतो. पण तो बेडूक होतांच सर्वांगावर केराटिनाचा थर येतो, आणि मग बुरशीस सारें अंग मोकळें होतें. बिघडलेली कातडी क्षार राखूं शकत नाहीं, रक्तांतील सोडियम व पोटॅशियम उतरतें, आणि शेवटीं हृदय बंद पडतें. अशा रीतीनें नव्वदांच्या सुमारास जाती नामशेष झाल्या असाव्या, असा २०१९ सालच्या एका पाहणीचा अंदाज आहे. आपल्या सह्याद्रींतील बेडकांवरही ही बुरशी आढळली आहे.

पालकांस एक गोष्ट सांगावयाची. घरांत बेडूक शिरला असतां त्यावर मूठभर मीठ टाकण्याची चाल पुष्कळ घरीं आहे. वर वर्णिलेली कातडी डोळ्यांपुढें आणावी: मीठ तिच्यांतून अंगांतील पाणी बाहेर ओढून घेतें, आणि त्या प्राण्यास फार यातना होतात. केरसुणीनें हळूच सुपांत लोटून बाहेर ओलसर जागीं सोडिला, म्हणजे काम भागतें. हातानें उचलणें असेल, तर हात आधीं स्वच्छ पाण्यानें ओले करावे, कारण हातावरील साबण व तेल त्याच्या अंगांत शिरूं शकतें. आणि नंतर आपलेही हात धुवावे.