मापाचा ड्रेस

आपल्याकडे टेलरला माप द्यायची रीत ठरलेली आहे. टेप अंगाला लावू द्यायची नाही. पिशवीत नवं कापड आणि त्यावर ‘मापाला’ म्हणून एक जुना ड्रेस ठेवायचा. पिशवी घेऊन बहुतेक वेळा भाऊ नाहीतर मुलगा जातो. रीत सोयीची आहे. पडदा राहतो, वेळ वाचतो आणि टेलरलाही कापडावरून चटकन माप घेता येतं. माझी तक्रार रीतीबद्दल नाही. विचारायचं एवढंच, की तो मापाचा ड्रेस तुम्ही शेवटचा अंगात कधी घातला होता?

माझ्या अम्मीचा मापाचा ड्रेस जांभळा, सुती. धाकट्या बहिणीच्या लग्नात शिवलेला. त्या लग्नाला आता १४ वर्षं झाली. दर ईदला तोच ड्रेस मुकुंदनगरातल्या आमच्या घरातून टेलरकडे जायचा आणि खडूच्या खुणा घेऊन परत यायचा. मधल्या काळात अम्मीचा उजवा खांदा धरला, पाठीला थोडं पोक आलं, कमरेचा घेर वाढला. ड्रेसला यातलं काही माहीत नव्हतं. टेलर दरवर्षी १४ वर्षांपूर्वीच्या अम्मीसाठी कपडे शिवत होता आणि ते आजची अम्मी घालत होती.

घालत होती म्हणजे, घालायचं टाळत होती. घरात ती मॅक्सीवरच असायची. बाहेर जायचं म्हटलं की “तुम्ही जाऊन या.” श्रीरामपूरच्या नात्यातलं लग्न, शेजारचा अकिका, बायकांचा आठवड्याचा दर्स, एकेक सुटत गेलं. आम्हाला वाटलं, वय झालं. मागच्या रमजानमध्ये ती नमाज पढत असताना मी मागे बसले होते. ती रुकूत वाकली तशी कमीज पाठीवरून वर सरकली आणि पुढचा गळा घशाशी रुतला. सलाम फेरल्यावर तिनं पहिलं काम केलं ते गळ्यात बोट घालून कापड पुढे ओढायचं.

“गळा काचतो का?” मी विचारलं.

“काचतोच. लग्नात तीन-तीन तास असं कोण बसणार?”

इतकी साधी गोष्ट आम्हा तिघा भावंडांना कळली नव्हती.

टेलर तेव्हा नवीन काम घेतच नव्हता. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत कोणता टेलर घेतो? घरात शिलाई मशीन होतं, मला सरळ टीप मारता येत होती, म्हणून मी स्वतःच बसले. अम्मीची दुसरी तक्रार होती की हात वर होत नाही, बगलेत दाटतं. मी मुंढा उसवला आणि दीड इंच खाली कापला. जागा वाढली की सैल होणार, हा माझा हिशेब. झालं उलटंच. आता हात जरा उचलला की अख्खी कमीज त्याच्याबरोबर वर यायची. एक चांगली कमीज मी वाया घालवली, आणि कापलेलं कापड काही परत जोडता येत नाही.

आमच्या गल्लीत एक खाला आहेत. पायमशीनवर बायकांचे कपडे शिवून त्यांनी घर चालवलं. त्यांनी ती कमीज हातात घेतली, उलटी केली आणि विचारलं, “माया कुठे आहे?”

शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात त्याला मराठीत माया म्हणतात, हे बहुतेकींना माहीत असेल. हा शब्द ज्यानं पहिल्यांदा वापरला त्याला शिवणकामही कळत होतं आणि माणसंही. जुने टेलर बाजूच्या शिवणीत एक-दीड इंच माया सोडायचे, कारण कापड महाग होतं आणि मुलगी वाढणार, बाई बाळंत होणार, हे गृहीत होतं. हिशेब सोपा आहे. कमिजीला दोन बाजू आणि प्रत्येक शिवणीत कापडाचे दोन पदर, म्हणजे एकूण चार पदर. प्रत्येक पदरातून अर्धा इंच जरी सोडला तरी घेर २ इंचांनी वाढतो. एका संध्याकाळचं काम. जुनी टीप उसवायची, शिवणीवर ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवायची म्हणजे घडीची रेघ कमी होते, मग नवी टीप मारायची. उलट क्रम कधी करू नका. नवी टीप बाहेरून आधी मारली तर आतली उसवताना कापड फाटण्याची भीती असते.

अम्मीच्या जांभळ्या ड्रेसला माया होती. नंतरच्या कपड्यांना कमी कमी होत गेली होती, आणि तयार घेतलेल्या कुर्त्यांना तर जेमतेम पाव इंच, तीही ओव्हरलॉकच्या दोऱ्यात गुंडाळलेली. त्यातून काय सोडणार?

खालांनी मला जे दाखवलं ते मुंढ्याबद्दल होतं. बाही जितकी खालून निघते, तितकी हात उचलताना सगळी कमीज उचलली जाते. म्हणून मुंढा बगलेच्या जवळच हवा आणि हात हलवायला लागणारं कापड बगलेत वेगळं घालायला हवं. हे वेगळं कापड म्हणजे चौबगला. आपल्या आजोबांच्या कुर्त्यांत तो असायचाच. सरळ पट्टीचं अंग, सरळ बाह्या, बाजूला कळ्या आणि बगलेत एक चौकोन. वक्र कापणं जवळजवळ नाही, त्यामुळे कापड वाया जात नसे, आणि शेतात, जनावरांमागे, नमाजात हात कसाही फिरवा, कुर्ता जागेवर. पायजम्यात दोन पायांच्या मध्ये घालतात ती मियानी हीच युक्ती खाली करते. फॅशननं बाही सुबक केली आणि चौबगला काढून टाकला. तेव्हापासून आपल्या बगला फाटतात, असं खालांचं म्हणणं. मला ते पटतं.

तयार कुर्तीत चौबगला असा घालायचा: बगलेपासून खाली बाजूची शिवण ३ इंच उसवा आणि बगलेपासून बाहीची खालची शिवणही ३ इंच उसवा. मुंढ्याची शिवण तशीच राहू द्या. आता जो फट उघडला तो ओढला की चार कडांचा दिसतो. ४ इंचांचा चौकोन कापा. चारही बाजूंना अर्धा इंच माया गेली की तयार ३ इंच उरतो आणि चारही कडांवर बरोबर बसतो. चौकोनाचा एक कोपरा खाली बाजूच्या शिवणीवर, समोरचा बाहीच्या शिवणीवर, उरलेले दोन पुढच्या-मागच्या मुंढ्यावर. आधी हातानं कच्चे टाके घाला, अंगात घालून पाहा, मगच मशीन. कोपऱ्यावर सुई कापडात ठेवूनच कापड फिरवा. कापड कुठून आणायचं? कुर्तीची लांबी जास्त असेल तर खालून, लांब बाही असेल तर तिच्या टोकाकडून, नाहीतर मिळत्या रंगाचं दुसरं. हात खाली असताना ते दिसत नाही.

पोकाचं काम जास्त नाजूक होतं. पाठ वाकली की पाठीवर कापड जास्त लागतं आणि छातीवर कमी. कमीज मागे खेचली जाते, म्हणून पुढचा गळा घशाला लागतो, मागचा घेर वर चढतो आणि पुढचा लोंबतो. गळा मोठा कापून हे सुटत नाही. लोक तेच करतात, आणि मग गळा उघडा पडतो म्हणून वरून ओढणी पिनांनी जखडतात. खालांनी अम्मीला नेहमीसारखं उभं राहायला सांगितलं, “ताठ होऊ नका, आपल्या सवयीनं उभ्या राहा,” आणि पाठीवर दोन्ही मुंढ्यांच्या मधोमध आडवी खडूची रेघ मारली. रेघेवर कापलं. मध्ये दीड इंच रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती होत शून्य होणारी पट्टी बसवली. ट्रंकेत जांभळ्या कापडाची कतरण होती, ती कामाला आली. गळा आपोआप खाली उतरला. पुढचा घेर अजून थोडा लोंबत होता, तेवढा दुमडला.

चूक कुठे आहे हे ओळखायला आरशासमोर सरळ उभं राहून पाहू नका. तसं उभं राहिलं की सगळंच बसतं. रुकूत वाका, सजद्यात जा, जमिनीवर मांडी घालून बसा, वरच्या फळीवरचा डबा काढा. मग चुण्या बघा. ताणलेल्या चुण्या जिथून फाकतात तिथे कापड कमी आहे, आणि जिथे झोळ पडतो तिथे जास्त. झोळीत पिना लावून पाहा. पिनांची आपल्या घरांत कधीच टंचाई नसते, स्कार्फच्या चालतात.

हे कळल्यावर माझी कापड बाजारातली खरेदी बदलली. अहिल्यानगरचा कापड बाजार (आमच्या तोंडी अजून ‘नगर’च येतं) लग्नाच्या बस्त्यासाठी तालुक्या-तालुक्यांतून लोक येतात असा. तिथे मी आता कुर्ती आधी उलटी करते. दुकानदार चमत्कारिक बघतो, बघू दे. माया किती आहे ते पाहते, मग खांदा. बाजू सोडता येते, लांबी कमी करता येते, पण खांदा दुरुस्त करायचा म्हणजे बाही, मुंढा आणि गळा तिन्ही उसवायचे. म्हणून खांदा बसला तरच घ्यायचं.

आणि एक्सएल बसत नाही म्हणून स्वतःच्या अंगाला दोष देऊ नका. हे साइझ कोणाच्या अंगावरून आले ते बघा. अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९३९-४० मध्ये सुमारे १५ हजार बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली. १९४१ मध्ये त्याचा अहवाल निघाला आणि पुढे तिथल्या साइझच्या तक्त्यांना तोच आधार झाला. त्यातही हिशेबात फक्त गोऱ्या बायकांची मापं धरली. आपल्याकडे तयार कपड्यांचे तक्ते बरेचसे परदेशी मापांवरून उचललेले. भारतीय अंगाची मापं घ्यायला ‘निफ्ट’ या संस्थेनं ‘इंडियासाइझ’ हा प्रकल्प हाती घेतला, सहा शहरांत २५ हजार जणांची मापं घेण्याचा. तेव्हा नेवाशाच्या किंवा पाथर्डीच्या बाईच्या दंडाला बाही दाटत असेल तर चूक दंडाची नाही.

बुरख्याचं एक सांगायलाच हवं. अबाया ५२, ५४, ५६, ५८ अशा लांबीत मिळतात आणि आपण ‘असू दे थोडा लांब’ म्हणून मोठा घेतो. मोटारसायकलवर मागे बसल्यावर तोच चाकात जातो. लांबी ठरवताना रोजची चप्पल पायात घाला. घेरदार अबाया असेल तर आधी एक रात्र हँगरला लटकवून ठेवा, कारण तिरपं, उरेब गेलेलं कापड वजनानं उतरतं, आणि मग दुमडा. कापून टाकू नका. दुमडीतही माया राहू द्या.

खाला माझ्या भावाला हसून म्हणाल्या, तूही शीक, बटण लावायला बायको कशाला? त्यात हसण्यासारखं काही नाही. पैगंबर (स.) घरी स्वतःचे कपडे स्वतः शिवत, पादत्राणं दुरुस्त करत, असं हजरत आयेशा (रजि.) यांच्या कथनात आहे. ईदला नवा कुर्ता-पायजमा हवा असतो त्यानं निदान पायजम्याची उसवलेली मियानी शिवायला हरकत नसावी. भाऊ सध्या काजांवर अडला आहे.

जांभळा ड्रेस आता पुन्हा मापाचा ड्रेस झाला आहे. बाजू दीड इंच सोडली, दोन्ही बगलांत चौबगला, पाठीत पट्टी. आतल्या मायेवर मी पेनानं महिना आणि साल लिहिलं. पिशवीत टाकायच्या आधी दरवर्षी अम्मीनं तो एकदा घालून बघायचा, असं ठरलं आहे. टेलरनं तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा पाठीतली पट्टी चूक समजून त्यानं फोन केला होता. भावानं सांगितलं, “तसंच शिवा. आणि माया एक इंच सोडा.”

शाबानमध्ये अम्मी नेवाशाला लग्नाला गेली. सकाळी गेली ती रात्रीच आली. आल्यावर म्हणाली, डाव्या बगलेतला चौकोन जरा टोचतो. बघितलं तर कोपऱ्यात टीप दुहेरी झाली आहे. येत्या रविवारी उसवायचा आहे.