धाप हृदयाची, दणका हाडांचा

कबड्डीच्या एका चढाईला ३० सेकंद मिळतात. तेवढ्यात मुलगी धावते, थबकते, उडी घेते, अंग वळवून मध्यरेषेकडे झेपावते. मग दुसरीची पाळी, आणि हिला दम घ्यायला वेळ. जोर, विसावा, पुन्हा जोर: इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात ते हेच, आणि कर्जत-खालापूरच्या मुलींना त्यासाठी जिम शोधायला नको.

पण हृदयाला काही मिनिटांचा जोर लागतो. नॉर्वेत रुळलेली एक पद्धत अशी: ४ मिनिटं इतक्या जोरात की बोलणं तुटक व्हावं, मग ३ मिनिटं संथ, असं चार वेळा. आंबिवलीहून पेठच्या किल्ल्याकडे जाणारी चढण याला उत्तम. काही आठवड्यांत हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकू लागतं, स्नायू जास्त प्राणवायू वापरू लागतात.

हाडाला मात्र धापेचं काही देणंघेणं नाही. सायकलवर कितीही इंटरव्हल केले तरी दम वाढतो, हाड फारसं नाही, कारण वजन सीटवर असतं. हाडाला दणका हवा. पाय आपटला की हाड किंचित वाकतं, त्यातल्या सूक्ष्म नलिकांमधला द्रव हलतो आणि आतल्या पेशींना ते कळतं. या आतल्या पेशी मग बांधकाम करणाऱ्या पेशींना कामाला लावतात. पण काही डझन दणक्यांनंतर या आतल्या पेशी बधिर होतात. पुन्हा जाग्या व्हायला काही तास लागतात. उंदरांवरच्या प्रयोगांत तेवढाच ताण दिवसभरात विभागून दिल्यावर हाड जास्त मजबूत झालं. म्हणून एका दमात शंभर उड्या मारण्यापेक्षा सकाळी वीस, संध्याकाळी वीस बऱ्या; दोन उड्यांमध्ये काही सेकंद थांबावं.

डोक्यावर हंडा वाहणाऱ्या बाईला उड्या कसल्या शिकवता, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण हंड्याचं ओझं संथ आणि रोजच्या सवयीचं असतं, हाडाला दखल घ्यायला लावतो तो झटकन बसणारा, दिशा बदलणारा ताण. कबड्डी-खोखोत तो आपसूक मिळतो.

हे विशीच्या आत सुरू करायचं, कारण हाडांचा बहुतेक साठा तोवर भरतो आणि तिशीनंतर हळूहळू उतरणीला लागतो. फळ लगेच दिसत नाही. जुनं हाड काढून नवं भरण्याचा एक फेराच तीन-चार महिन्यांचा असतो.

आणि पोट भरलेलं हवं. खाणं कमी, व्यायाम जास्त, असं चाललं की पाळी थांबते, इस्ट्रोजेन घटतं आणि उड्या मारूनही हाड झिजतं. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. भाकरी आहेच घरात. सलग तीन पाळ्या चुकल्या, किंवा नडगीवर एकाच जागी दाबल्यावर दुखू लागलं, तर उड्या बंद करून डॉक्टरांना दाखवावं.