वसईची घंटा मेणवलीत कशी?

"मावशी, वाईत बघायचं तरी काय? नुसती देवळं!" साताऱ्याच्या स्टँडवर माझ्या भाचीने नाक मुरडलं. तिला महाबळेश्वर हवं होतं. मी म्हटलं, चल तर खरी!

वाईत उतरलं की आधी कृष्णेचा घाट गाठायचा. पायऱ्यांवर धुणी आपटणाऱ्या बायका, पाण्यात डुंबणारी पोरं, बाकी सारं शांत. पण १६५९ साली याच वाईत अफजलखानाचा तळ होता बरं का! तो इथूनच प्रतापगडाकडे निघाला. समोर दिसतो तो पांडवगड. तो तर त्याहूनही जुना. शिलाहार राजा दुसरा भोज याने तो बाराव्या शतकात बांधला असं सांगतात.

घाटावरचा ढोल्या गणपती तुम्हाला चित्रातून माहीत असेलच. हे देऊळ गणपतराव रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. दर्शन झालं की लगेच निघू नका, मागे जाऊन भिंत पाहा. ती सपाट नाही, माशासारखी निमुळती आहे. कशाला? तर पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर दुभंगावा आणि दोन्ही बाजूंनी निघून जावा म्हणून! हीच कृष्णा पुढे सांगलीला जाते. सांगलीकर मुलांना पूर म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नकोच.

तिथून मेणवली तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा आहे ना, तेच गाव. ('स्वदेस' सिनेमातला घाटही इथलाच. हे ऐकल्यावर कुठे भाचीची कळी खुलली!) वाड्यामागे दगडी घाट, मेणेश्वराचं देऊळ आणि एका छोट्या दगडी मंडपात टांगलेली भली थोरली घंटा. पंचधातूची, वजन सुमारे साडेसहाशे किलो.

भाची जवळ गेली आणि थबकली. "मावशी, यावर तर बाळाला घेतलेली मेरी आहे! आणि १७०७ लिहिलंय."

बरोबर. ही घंटा मुळात चर्चची. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. तेव्हा मराठ्यांनी तिथल्या घंटा विजयाची खूण म्हणून आणल्या आणि देवळांना दिल्या. भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातही अशाच घंटा आहेत. आणणाऱ्यांनी मेरीचं चित्र घासून काढलं नाही, हे मला फार आवडलं.

भाची मात्र गप्प. मग म्हणाली, "पण ज्यांची होती त्यांना वाईट वाटलं असेल ना? परत नको का द्यायला?"

आता काय सांगणार? घंटा घडवणारे पोर्तुगीज गेले, पेशवाई गेली. वसईच्या किल्ल्यातली ती चर्चसुद्धा पडकी झाली. पण वसईत ख्रिस्ती मंडळी आजही आहेत आणि ती आपल्यासारखीच मराठी बोलतात. आणि मेणवलीकरांनी ही घंटा इतकी वर्षं जपली, तेही खरंच. मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

तिने घंटेला बोटाच्या पेरानं हळूच टकटक केलं, कान लावून बसली. परतीच्या गाडीत आमचा वाद साताऱ्यापर्यंत चालू होता. मी हरत होते.