हुला: हात काय सांगतात?

आज आपण हवाई बेटांवरच्या हुला नाचाबद्दल बोलू.

हुलात आधी शब्द, मग पावलं. गुरू भोपळ्याच्या वाद्यावर ठेका धरून गाणं म्हणतात. नाचणाऱ्यांचे हात त्यातला राजा, पाऊस, डोंगर दाखवतात. लिपी नव्हती तेव्हा वंशावळ्याही अशाच गाण्यांतून जपल्या गेल्या. १८३० मध्ये जाहीर हुलावर बंदी आली. १८८३ मध्ये राजा कालाकाउआ यांनी आपल्या राज्याभिषेकात त्याला पुन्हा मान दिला.

१९३७ पासून होनोलुलूत फोटोफिल्म विकणाऱ्या कोडॅक कंपनीचा खेळ सुरू झाला. फोटो नीट यावेत म्हणून नाच दिवसाउजेडी. बायकांना त्यातून रोजगार मिळाला, हे खरं. पण पर्यटकांना भाषा कळेना; कंबर दिसली, गोष्ट राहून गेली.

कमाई हवीच. पण मुलींना आधी गाण्याचा अर्थ शिकवला, तरच नाच आपला राहतो.