सात गोल करूनही सर्वोत्तम नाही

२१ जानेवारी २०२२. मुंबईत अंधेरीच्या मैदानावर महिलांच्या आशियाई चषक फुटबॉल स्पर्धेत ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाचा १८-० असा धुव्वा उडवला. त्यातले पाच गोल एकट्या सॅम करचे होते. स्पर्धा संपली तेव्हा करच्या नावावर सात गोल जमा होते आणि सर्वाधिक गोलांचा मान तिलाच मिळाला. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून मात्र नाव पुकारले गेले ते चीनची कर्णधार वांग शानशान हिचे. तिचे गोल होते पाच.

गोलांचा तक्ता समोर ठेवला तर हा अन्याय वाटेल. सामने समोर ठेवले की चित्र बदलते. करच्या सात गोलांपैकी पाच एकाच, तेही कमालीच्या एकतर्फी सामन्यातले. ३० जानेवारीला पुण्यात बालेवाडीच्या मैदानावर उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाच्या जी सो-युनने ८७व्या मिनिटाला गोल केला आणि ऑस्ट्रेलियाचा गाशा गुंडाळला गेला. चार दिवसांनी पुण्यातच चीन आणि जपान यांची उपांत्य लढत झाली. जादा वेळ संपत आली होती, जपान पुढे होते, आणि ११९व्या मिनिटाला वांगने बरोबरी साधून दिली. मग पेनल्टी शूटआउटमध्ये चीनने बाजी मारली. ६ फेब्रुवारीला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरील अंतिम सामन्यात दोन गोलांनी मागे पडूनही चीनने कोरियाला ३-२ असे हरवले. एक गोल अठरापैकी एक असतो, दुसरा संघाला स्पर्धेत टिकवून ठेवतो. तक्त्यात दोन्हींची किंमत सारखीच.

सर्वाधिक गोल कोणाचे, हे कोणीही मोजू शकतो. सर्वोत्तम कोण, हे ठरवावे लागते. ठरवायचे म्हटले की तीन प्रश्न येतात : कोणी ठरवायचे, केव्हा ठरवायचे आणि काय पाहून ठरवायचे.

आधी ‘केव्हा’चे पाहू, कारण फुटबॉल विश्वचषकाची सर्वांत मोठी फजिती तिथेच झाली आहे. सर्वोत्तम खेळाडूला ‘गोल्डन बॉल’ देण्याची प्रथा विश्वचषकात १९८२ पासून सुरू झाली आणि पहिला मानकरी होता इटलीचा पाओलो रॉसी. पुढे बरीच वर्षे हा निर्णय पत्रकारांच्या मतांवर होत असे. २००२ मध्ये जर्मनीचा गोलरक्षक ऑलिव्हर कान भिंतीसारखा उभा होता. अंतिम सामन्यापर्यंत त्याने अवघा एक गोल खाल्ला होता, आणि मतेही अंतिम सामन्याआधीच पडली होती. योकोहामात ब्राझीलविरुद्ध रिव्हाल्डोचा फटका कानच्या हातून निसटला. रोनाल्डोने ती संधी साधली, पुढे आणखी एक गोल केला आणि ब्राझील २-० असे जिंकले. रोनाल्डोचे स्पर्धेत आठ गोल झाले. गोल्डन बॉल कानला.

चार वर्षांनी बर्लिनमध्ये तर कहरच झाला. अंतिम सामन्याच्या ११०व्या मिनिटाला फ्रान्सच्या झिनेदिन झिदानने इटलीच्या मातेराझीच्या छातीवर डोके आपटले आणि लाल कार्ड घेऊन तो बाहेर गेला. तोवर बऱ्याच पत्रकारांनी मते देऊन टाकली होती. झिदानला २०१२ गुण, इटलीचा कर्णधार फाबियो कानावारोला १९७७. फरक फक्त ३५ गुणांचा! बचावपटू कानावारोच्या इटलीने अख्ख्या स्पर्धेत दोनच गोल खाल्ले होते : एक स्वयंगोल आणि दुसरा खुद्द झिदानने मारलेली पेनल्टी.

आता ‘कोणी’ ठरवायचे? पुढे फिफाने हे काम आपल्या तांत्रिक अभ्यास गटाकडे सोपवले. यात माजी खेळाडू आणि प्रशिक्षक असतात आणि ते सामने बारकाईने पाहतात. २०२२ च्या कतार विश्वचषकात आर्सेन वेंगर या गटाचे प्रमुख होते, युर्गन क्लिन्समन सदस्य होते. पण तज्ज्ञ बसवले म्हणून वाद मिटतात असे नाही. २०१४ मध्ये या गटाने लिओनेल मेस्सीची निवड केली. त्याचे चारही गोल साखळी फेरीतले होते, बाद फेरीत एकही नाही. तेव्हाचे फिफा अध्यक्ष सेप ब्लाटर यांनीही या निवडीचे आश्चर्य वाटल्याचे सांगितले होते.

चाहत्यांकडे निवड दिली तर काय होते, तेही कतारमध्येच दिसले. तिथे प्रत्येक सामन्याचा मानकरी चाहत्यांच्या मतांवर ठरत होता. बेल्जियमने कॅनडाला १-० असे हरवले. गोल बात्शुआयीचा, पेनल्टी अडवली गोलरक्षक कोर्त्वाने, आणि पुरस्कार मिळाला केव्हिन डी ब्रॉयनेला. आपण काही चांगले खेळलो नाही, कदाचित नावामुळे हा पुरस्कार मिळाला असावा, असे त्याने स्वतःच सांगून टाकले.

तिसरा प्रश्न, काय पाहून ठरवायचे, सर्वांत अवघड आहे. सर्वोत्तम खेळाडू विजेत्या संघाचाच असावा का? १९९८ ते २०१८ या सहा विश्वचषकांत एकदाही तसे झाले नाही. २०२२ मध्ये मेस्सीने विश्वचषक आणि गोल्डन बॉल दोन्ही उचलले, तेव्हा ही साखळी तुटली. त्याही वेळी सर्वाधिक गोल फ्रान्सच्या एम्बापेचे होते : आठ, मेस्सीचे सात. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात इंग्लंडच्या ऱ्हियान ब्रूस्टरने गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर अमेरिकेविरुद्ध हॅटट्रिक केली, पुढे उपांत्य सामन्यात ब्राझीलविरुद्ध आणखी एक. एकूण आठ गोल. तरी गोल्डन बॉल त्याच्याच संघातल्या फिल फोडेनला मिळाला.

बचावपटूंच्या वाट्याला तर उपेक्षाच येते. १९८२ ते २०२२ या काळात पुरुषांच्या विश्वचषकात एकाही बचावपटूला गोल्डन बॉल मिळालेला नाही आणि गोलरक्षकांमध्ये एकटा कान. झालेला गोल सगळ्यांना दिसतो. न झालेला कोण मोजणार?

या प्रश्नाचे एक उत्तर मराठवाड्याच्या मातीत आहे. मैदानावर धाराशिव जिल्ह्याचे नाव निघाले की आठवतो तो खो-खो. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार सारिका काळे याच जिल्ह्याची. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

खो-खोच्या गुणपत्रिकेत दोन्ही बाजूंची नोंद होते : आक्रमणात किती गडी टिपले आणि संरक्षणात किती वेळ पळती केली. एखादी मुलगी अडीच मिनिटे हुलकावण्या देत राहिली, तर ती अडीच मिनिटे तिच्या नावावर कायमची लिहिली जातात. म्हणूनच उत्कृष्ट आक्रमक, उत्कृष्ट संरक्षक आणि सर्वोत्तम किंवा अष्टपैलू खेळाडू असे वेगवेगळे पुरस्कार देता येतात. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवले. उत्कृष्ट आक्रमक ठरली अंशू कुमारी, सर्वोत्तम खेळाडू चैत्रा बी., तर उत्कृष्ट संरक्षक ठरली नेपाळची मनमती धानी. संघ मोठ्या फरकाने हरला, तरी तिचा खेळ नोंदीत राहिला.

फुटबॉलला हे इतके सोपे नाही. बचावपटूने योग्य जागी उभे राहून पास होऊच दिला नाही, तर त्याची नोंद कशी करायची? पण गावोगावच्या शालेय आणि निमंत्रित स्पर्धांच्या संयोजकांना एवढे तरी नक्की करता येईल : निवड समिती आणि निकष पहिल्या सामन्याआधी जाहीर करा, निर्णय अंतिम सामन्याची शेवटची शिट्टी झाल्यावरच घ्या, आणि सर्वाधिक गोल करणाऱ्याच्या करंडकाशेजारी बचावपटूसाठी एक वेगळा करंडक ठेवा.