रुग्णालयातील हवेवर बिनतारी पहारा

जानेवारी २०२० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबाद येथे भरले. तेव्हापासून आताच्या धाराशिवशी आपल्या वाचकांचे विशेष नाते जुळले आहे. मराठवाड्यातील या जिल्ह्याचा उन्हाळा अतिशय कडक असतो. झळा टाळण्यासाठी दारे-खिडक्या लावून घेणे घरात योग्यच. परंतु रुग्णांनी व नातेवाइकांनी भरलेल्या कक्षात हीच सवय घातक ठरू शकते.

क्षयरोग्याच्या खोकल्यातून बाहेर पडलेले जंतू अतिसूक्ष्म कणांसह कित्येक तास हवेत तरंगत राहू शकतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. मग कक्षातील हवा कोंडली आहे हे ओळखावे कसे?

त्याचे उत्तर आपल्या श्वासातच आहे. मोकळ्या हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड सुमारे ४२० भाग असतो. उच्छ्वासात तो सुमारे ४०,००० भाग असतो. कक्षातील आकडा १,५०० वर गेला, तर दर पस्तीस-चाळीस श्वासांमागे एका श्वासाइतकी हवा दुसऱ्याच्या फुप्फुसांतून आलेली आहे, असे समजावे.

हा आकडा मोजणाऱ्या उपकरणास सेन्सर किंवा संवेदक म्हणतात. कार्बन डायऑक्साइड अवरक्त प्रकाश शोषून घेतो. प्रकाश किती घटला यावरून वायूचे प्रमाण कळते. धूलिकण मोजण्यासाठी लेझर किरणाच्या विखुरण्याचा उपयोग होतो. दर काही मिनिटांनी ही नोंद रेडिओलहरींद्वारे एका केंद्राकडे जाते. त्यासाठी भिंती फोडून तारा टाकाव्या लागत नाहीत. म्हणून जुन्या इमारतींनाही ही पद्धत सोयीची आहे.

तथापि या साधनाच्या मर्यादा ध्यानात ठेवल्या पाहिजेत. कमी आकडा म्हणजे जंतूंचा अभाव नव्हे. कूलरचे तुषार धूलिकण म्हणून मोजले जाऊ शकतात. धुराचा इशारा देणाऱ्या यंत्रणेची जागाही हे संवेदक घेऊ शकत नाहीत. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षास आग लागून १० बालके दगावली; त्यांतील अनेकांचा मृत्यू धुराने गुदमरून झाला. कक्षातील हवेत झालेला बदल जागत्या माणसापर्यंत वेळेवर पोहोचणे किती आवश्यक आहे, हे त्या रात्रीने दाखवून दिले.

संवेदक हवा शुद्ध करीत नाही. तो केवळ सांगतो. आकडा वाढताच खिडक्या कोणी उघडाव्यात, गर्दी कोणी कमी करावी, हे आधीच ठरलेले असावे आणि कक्षातील परिचारिकेस तसा अधिकार असावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सामान्य कक्षांसाठी प्रत्येक रुग्णामागे दर सेकंदास ६० लिटर ताज्या हवेची शिफारस केली आहे. तेवढी हवा खेळती ठेवणे हे अखेर माणसांचेच काम आहे.

आजाऱ्यांची भेट घेणे हे आपण दयाकृत्य मानतो. यापुढे भेटीस जाताना दोघांनीच जावे, थोडाच वेळ थांबावे आणि परिचारिकेस विचारून खिडकी उघडावी. हीदेखील रुग्णसेवाच होय.