कात्री, कोयता आणि कलम

मध्यमवर्गीय घरात कात्री बहुधा एकच असते आणि ती सर्वांची असते. तिने कापड कापायचे, दुधाची पिशवी फोडायची, मुलांच्या वह्यांची कव्हरे बेतायची, आणि शेजारच्या काकूंनी "न्या हो गुलाबाची एक फांदी" असे म्हटले की तीही तिनेच तोडायची. मग फांदी कुंडीत खोचली जाते, आठ-दहा दिवसांनी खालून काळी पडते, आणि घरातली वडील मंडळी निकाल देतात की अमक्याच्या हाताला यश नाही. माती आणि पाणी यांचा दोष असतोच. पण पुष्कळदा बिचाऱ्या हाताच्या माथी जे येते ते खरे कात्रीचे पाप असते.

या वर्षी मला या गोष्टीचा गांभीर्याने विचार करावा लागला. चंद्रपुरात ज्या घरात आम्ही पुष्कळ वर्षे भाड्याने राहिलो, ते पावसाळ्यात पाडायचे ठरले. परसात आईने लावलेला देशी गुलाब होता. आई आता नाही. झाड इतके जुने की मुळासकट हलवण्याची सोय नव्हती, आणि कलमाजोग्या, म्हणजे पेन्सिलीएवढ्या जाडीच्या निरोगी फांद्या मोजून पाच निघाल्या.

त्याच सुमारास, मृगाच्या तोंडाशी, काही विद्यार्थ्यांबरोबर मोहर्लीला जाणे झाले. इरई धरणाच्या जलाशयाकाठचे हे गाव आज ताडोबाचा दरवाजा म्हणून ओळखले जाते. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झाले, व्याघ्र प्रकल्प १९९५ साली. विद्यार्थ्यांचे डोळे वाघाकडे लागलेले. माझे लक्ष मात्र वाटेवरच्या एका रोपवाटिकेत गुंतले. तिथे काही बाया सागाच्या जड्या तयार करीत होत्या.

जडी म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांना सांगायला हवे. गादीवाफ्यात वाढलेले सागाचे वर्षभराचे रोप उपटायचे, पाने काढून टाकायची, मुळाच्या वर जेमतेम दोन बोटे खोड ठेवायचे, खाली वीतभर सोटमूळ ठेवायचे आणि बाकी सारे छाटून टाकायचे. उरतो तो अंगठ्याएवढा एक ओबडधोबड दांडका. तो गोणपाटात बांधून दूरवर नेता येतो, आणि पहिला पाऊस पडला की पहारेने भोक पाडून जमिनीत बसवला म्हणजे पुन्हा फुटतो. त्या बाया लाकडी ठोकळ्यावर रोप धरून कोयत्याचा एकच घाव घालीत होत्या. दुसरा घाव मी कुठेच पाहिला नाही. त्यांतल्या एका वयस्क बाईंना मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, "दुसऱ्या घावानं जडी फाटते, सर. फाटली का सडली समजा."

झाडाच्या शरीरशास्त्राचा सगळा मुद्दा या दोन वाक्यांत आला. साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक अगदी पातळ, ओलसर थर असतो. जखम भरून काढणे आणि नवी मुळे फोडणे ही कामे मुख्यत्वे त्याच्या आसपासच होतात. बोथट पाते हा थर कापीत नाही, चिरडते. चिरडलेला भाग मरतो, आणि मेलेल्या भागात बुरशी शिरते.

मराठीच्या माणसाला इथे एक आठवण झाल्याशिवाय राहत नाही. लिहिण्याचे कलम, झाडाचे कलम आणि कायद्याचे कलम हा सारा एकाच अरबी शब्दाचा संसार, आणि त्याच्याही मागे वेताच्या काडीचा ग्रीक शब्द आहे. बोरूचे टोक तिरपे तासायला जुने लोक धारदार चाकूच घेत. कात्रीने बोरू कोणी कापला नाही. आणि तिसऱ्या कलमाचाही विसर नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलमांनी राष्ट्रीय उद्यानातून परवानगीवाचून काही तोडून आणायला मनाई आहे. ताडोबाच्या सफरीत एखादी वेल आवडली, तर ती डोळ्यांनीच आणावी.

आता घरात कोणते हत्यार असावे? कोलियस, पानफुटी अशा रसाळ देठांना दाढीचे नवे ब्लेड पुरते. गुलाब, जास्वंद, मोगरा यांच्या काष्ठमय फांद्यांना बागकामाची कात्री हवी. माळी तिला सिकेटर म्हणतात. शब्द फ्रेंच आणि हत्यारही तिकडचेच. घेताना ती उघडून पाहावी. एका प्रकारात पाते खालच्या सपाट पट्टीवर येऊन बसते, ती हिरव्या फांदीला दाबते. वाळलेल्या काटक्या छाटायला ठीक. दुसऱ्यात धारदार पाते आकड्यासारख्या बोथट पात्याला घासून पुढे जाते. ही घ्यावी, आणि धारेची बाजू आपल्याला ठेवायच्या भागाकडे धरावी, कारण आकडा ज्या बाजूला टेकतो तिथे थोडे चेपतेच. शेवग्याच्या किंवा पांगाऱ्याच्या मनगटाएवढ्या फांदीला मात्र करवत किंवा कोयता हवा. सिकेटरने तिच्याशी झटापट करू नये. फांदी राहते आणि सिकेटर वाकते.

गुलाबाच्या पाच फांद्या मी सिकेटरने उतरवल्या, वीतभर लांबीच्या ठेवल्या, आणि खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली चाकूने पुन्हा ताजा केला. प्रत्येक फांदीनंतर पाते स्पिरिटच्या बोळ्याने पुसले, कारण एका फांदीचा रोग दुसरीला पोचवायला पात्याइतका तत्पर टपालवाला नाही. पाचांपैकी तीन जगल्या. दोन का गेल्या ते कळायला मार्ग नाही. अखेर झाडाचीही काही मर्जी असते. एक रोप आता धाकट्या बहिणीकडे अकोल्याला आहे.

राहता राहिली धार. सिकेटरच्या पात्याला एकाच बाजूने उतार असतो आणि दगड त्याच बाजूने फिरवायचा. सपाट बाजूवर फक्त निघालेली कणी हलकेच काढायची. आमच्या गल्लीत सायकलवर चाक फिरवीत येणारा धारवाला मोठा उदार आहे. तो न विचारता दोन्ही बाजू घासून देतो, म्हणून काम संपेपर्यंत त्याच्याजवळ उभे राहावे.